वरीलप्रमाणे

सासऱ्यांचा डोळा संध्याकाळी साडेसातला दुखायचा, आणि सासूबाईंची सिरीयलही साडेसातलाच लागायची. या दोन गोष्टी शेजारीशेजारी ठेवल्यावर कुणीही शहाणं माणूस जो निष्कर्ष काढेल, तो सासूबाईंनी पहिल्याच आठवड्यात काढून टाकला होता.

"माझी सिरीयल लागली की यांचा डोळा दुखतो," त्या म्हणायच्या. "बातम्यांना दुखत नाही. मॅचला दुखत नाही. मॅच चार-चार तास चालते, तेव्हा डोळा कसा ठणठणीत."

सासरे सोफ्याच्या आपल्या कोपऱ्यात उजव्या डोळ्यावर तळहात ठेवून बसून राहत. उठून जातही नसत, आणि हेच सासूबाईंना जास्त लागायचं. माणूस उठून गेला तर गेला म्हणून निदान भांडता तरी येतं. हे बसून राहायचे आणि मधूनच सुस्कारा सोडायचे, तोही नेमका नायिका बोलत असताना. सासूबाई सिरीयल दिवा मालवून बघत. दिवा चालू असला की ट्यूबलाइटचा पट्टा टीव्हीच्या काचेत उमटतो आणि तो बरोबर नायिकेच्या कपाळावर येतो, अशी त्यांची जुनी तक्रार होती. त्यामुळे सुस्कारा कुणाचा ते अंधारात दिसायचं नाही, पण घरात सुस्कारे सोडणारा माणूस एकच होता.

सासरे बाइंडर होते. चाळीस वर्षं छापखान्यात पुस्तकं शिवली, आणि निवृत्त झाल्यावर घरच्या खिडकीशी टेबल मांडून लोकांची फाटकी पुस्तकं शिवायला घेतली. डावा डोळा लहानपणापासून मंद. उजेड-अंधार कळायचा, तेवढंच. सुईत दोरा ओवण्यापासून ते पुठ्ठ्याची कड बघण्यापर्यंत सगळं उजव्याच्या जिवावर. मोठ्या घरात एकच कमावता असावा तसा तो उजवा डोळा होता, आणि दुखत होता तो तोच.

आता गंमत अशी की सून डोळ्यांच्याच दवाखान्यात नोकरीला होती. पण काखेत कळसा असला की तो कुणाला आठवत नाही. सहा आठवडे सिरीयलवर वाद झाल्यावर एकदा तिच्या नवऱ्यालाच सुचलं. "अगं, तू दिवसभर लोकांचे डोळे बघतेस. बाबांचा एकदा बघ ना."

दवाखान्यात तिला सगळे पाणीवाली म्हणत. डोळ्याच्या पुढच्या भागाची सोनोग्राफी करणं हे तिचं काम. पेशंटला उताणं झोपवायचं, डोळा बधिर करणारा थेंब टाकायचा, पापण्यांच्या मधे प्लॅस्टिकची बिनबुडाची चिमुकली वाटी बसवायची, वाटीत सलाईन भरायचं आणि त्या पाण्यात मशीनची कांडी बुडवायची. कांडीचं टोक डोळ्याला टेकू द्यायचं नाही, मधे पाण्याचा एक पदर राखायचा. मग मशीनच्या पडद्यावर डोळ्याचा छेद दिसतो. वर डोळ्याची पारदर्शक काच, खाली बाहुलीभोवतीचा रंगीत पडदा, आणि ही दोन जिथे भेटतात तिथला कोन. या कोनातून डोळ्यातलं पाणी झिरपून बाहेर जातं. बेसिनची जाळी तुंबली की पाणी चढतं, तसा कोन मिटला की डोळ्यातला दाब चढतो. दाब चढत राहिला की नजर जाते, आणि गेलेली नजर परत येत नाही. हे वाक्य ती अकरा वर्षं पेशंटना सांगत आली होती, त्यामुळे ते म्हणताना तिला काही म्हणजे काही वाटत नसे.

"सोनोग्राफी?" सासूबाई म्हणाल्या. "या वयात यांना?"

"डोळ्याची, आई."

"तरी शेजारी सांगू नका. लोक पेढेच मागतील."

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी आधी सासऱ्यांना तपासलं. दिव्याच्या झोतात, भिंग लावून. त्या कमी बोलणाऱ्या आणि भराभर लिहिणाऱ्या होत्या. त्यांनी कागदावर लिहिलं, कोन अरुंद, पण उघडा. सोनोग्राफी करावी, प्रकाशात आणि अंधारात. आणि कागद सुनेच्या हातात दिला.

इथे त्या फॉर्मबद्दल सांगायला हवं. फॉर्मवर एकाखाली एक दोन चौकटी होत्या. वरची 'प्रकाशात', खालची 'अंधारात'. उजेडात बाहुली बारीक होते आणि तिच्याभोवतीचा पडदा ताणला जातो. अंधारात बाहुली मोठी होते, पडदा चुण्या पडून कडेला, म्हणजे कोनाच्या तोंडाशीच, गोळा होतो. उजेडात उघडा दिसणारा कोन जागेपणी अंधारात बसलं की मिटू शकतो; झोपेत मात्र बाहुली बारीकच राहते. फॉर्म छापणाऱ्याला हे ठाऊक होतं. सुनेलाही ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते दवाखान्याच्या व्यवस्थापकांना. ते आधी एका शीतगृहावर होते, आणि आतला दिवा चालू राहिला की बंद झाला एवढ्यावर त्यांची अर्धी कारकीर्द गेली होती.

चार वर्षांपूर्वी सून अंधारात एका पेशंटला तपासत असताना हिशेबनीस कसल्याशा सहीसाठी आत शिरले, स्टुलाला अडखळले आणि मनगट मोडून घेऊन बसले. दुसऱ्या दिवशी दारावर पाटी लागली: 'तपासणी खोलीत दिवे कायम चालू राहतील.' आणि पाटीवर विश्वास नको म्हणून स्विचवर पत्र्याची पेटी बसली, पेटीला कुलूप, आणि किल्ली व्यवस्थापकांच्या जुडग्यात.

"मग अंधाराच्या चौकटीचं काय करायचं?" तिने तेव्हा विचारलं होतं.

"नवीन फॉर्म छापायला टाकलाय," व्यवस्थापक म्हणाले होते. "तोवर भागवा."

पहिल्या दिवशी तिने खालची चौकट रिकामी ठेवली. फाइल अपुरी म्हणून परत आली. दुसऱ्या दिवशी तिने तिथे लिहिलं: वरीलप्रमाणे. फाइल परत आली नाही. तिसऱ्या दिवसापासून भागायला लागलं. पहिले काही महिने लिहिताना तिचा हात किंचित अडायचा. मग हाताला सवय झाली, आणि सवय झालेला हात डोक्याला विचारायला जात नाही.

सासरे खाटेवर उताणे झोपले. छतावर तिने एक लाल ठिपका चिकटवला होता. एक डोळा पाण्याखाली असतो, तेव्हा पेशंटने दुसऱ्या डोळ्याने त्या ठिपक्याकडे बघायचं, म्हणजे नजर हलत नाही. सासऱ्यांच्या डाव्या डोळ्याला ठिपका काय, छतसुद्धा धड दिसत नव्हतं.

"बाबा, हात वर करा आणि अंगठा ताठ धरा," ती म्हणाली. "आता अंगठ्याकडे बघा."

"दिसत नाही गं."

"दिसायला नको. अंगठा कुठे आहे ते तुम्हाला माहीत आहे ना? मग तिकडे बघा."

आणि खरंच, दोन्ही डोळे अंगठ्यावर जाऊन स्थिरावले. आपला अंगठा कुठे आहे हे माणसाला डोळ्यांशिवायही कळतं. आंधळ्या डोळ्यांच्या पेशंटवर ती हीच युक्ती वापरायची आणि दर वेळी तिला नव्याने बरं वाटायचं. तिने चारी बाजूंनी कोन बघितला. अरुंद होता, पण उघडा होता. वरच्या चौकटीत तिने तसं नीट लिहिलं. खालच्या चौकटीत तिच्या हाताने लिहिलं. डॉक्टरीणबाईंनी खाली सही केली: सहा महिन्यांनी परत यावे.

सासूबाईंनी रिपोर्ट टीव्हीच्या फळीवर ठेवला, बक्षिसाचा कप ठेवावा तसा, समोरून दिसेल असा. संध्याकाळी सासऱ्यांचा हात डोळ्यावर गेला की त्या रिपोर्टकडे बोट करायच्या.

"सुनेने स्वतः पाण्यात कांडी घालून बघितलंय. डॉक्टरांची सही आहे. काही नाही त्या डोळ्यात. जे आहे ते यांच्या मनात आहे."

दोन-तीन दिवसांत सासऱ्यांचा हात डोळ्यावर जायचा बंद झाला. सुस्काराही बंद झाला. सासूबाईंनी जिंकल्याचं कुठे दाखवलं नाही, पण त्या आठवड्यात सिरीयलचा आवाज थोडा वाढला. सुनेलाही हायसं वाटलं. आपल्या हातून घरातलं एक भांडण मिटलं, असं तिला वाटलं. ही गोष्ट तिला पुढे आठवली की तिच्या कानांच्या पाळ्या गरम व्हायच्या.

महिन्याभराने एका संध्याकाळी, आठ वाजून गेल्यावर, ती गॅलरीत कपडे काढत होती. सिरीयल नुकतीच संपली होती. सासरे बाहेर आले आणि कठड्याला टेकून रस्त्याकडे बघत उभे राहिले.

"आपल्या नगरपालिकेचं मला कौतुक वाटतं," ते म्हणाले.

नगरपालिकेचं कौतुक कुणी केलेलं तिने ऐकलं नव्हतं. "का हो, बाबा?"

"दिव्यांना ती रंगीत कडी बसवलीत ना, म्हणून. आधी कोपऱ्यावरच्या दोन खांबांनाच होती. आता सगळ्यांना बसवली."

"कसली कडी?"

"अगं, दिव्याभोवती. इंद्रधनुष्यासारखी, आत निळसर आणि बाहेर तांबडं. खर्च आला असणार. पण सकाळी अंधारात फिरायला जातो तेव्हा बघतो तर नुसते दिवे. सकाळी काढून ठेवत असतील."

सुनेने रस्त्याकडे बघितलं. सात खांब होते, सात साधे पिवळे दिवे होते. तिच्या हातातली उशीची खोळ खाली पडली. दाब चढला की डोळ्याची काच सुजते आणि दिव्यांभोवती रंगीत कडी दिसतात, आणि ती दिसतात का हे तिने अकरा वर्षं पेशंटना विचारलं होतं, रोज, नाव आणि वय विचारतात त्याच सुरात.

"बाबा, डोळा दुखतोय का?"

"नाही."

"खरं सांगा."

"कसा दुखेल?" सासरे म्हणाले. "तू बघितलंयस ना."

तिने त्यांना हाताला धरून आत आणलं, बैठकीतला दिवा लावला, स्वयंपाकघरातला लावला आणि त्यांना ट्यूबलाइटच्या बरोबर खाली खुर्चीत बसवलं. डोळा लालसर होता. ती समोर स्टूल घेऊन बसून राहिली. अर्ध्या तासाने पुन्हा गॅलरीत नेलं.

"गेली की," सासरे म्हणाले. "आज लवकर काढली."

त्या रात्री तिला झोप लागली नाही, आणि तिने ती लागावी म्हणून प्रयत्नही केला नाही.

सकाळी दवाखाना उघडायच्या अर्धा तास आधी ती सासऱ्यांना घेऊन तपासणी खोलीत गेली. स्विच पत्र्याच्या पेटीत कुलूपबंद होता. तिने ते ऐतिहासिक स्टूल ओढलं आणि ट्यूबलाइटखाली ठेवून बघितलं. मग त्यांना झोपवलं, वाटी बसवली, सलाईन भरलं, अंगठा वर करायला लावला आणि आधी उजेडातला कोन टिपून ठेवला. बारीक फट होती. मग ती स्टुलावर चढली आणि ट्यूब फिरवून सैल केली, तशी ती विझली. दाराखालच्या फटीत टॉवेल कोंबला. उरला तो मशीनच्या पडद्याचा उजेड. तोही डोळ्यावर पडू नये म्हणून तिने खाटेवरची चादर काढली आणि जुने फोटोग्राफर घ्यायचे तशी स्वतःच्या डोक्यावरून आणि पडद्यावरून ओढून घेतली.

"सूनबाई, काय चाललंय?" अंधारातून सासरे म्हणाले.

"काही नाही. अंगठा खाली करू नका."

तिने मनातल्या मनात दोनशे आकडे मोजले आणि चाचपडत कांडी पाण्यात सोडली.

पडद्यावरची फट बारीक होत गेली. बाहुलीभोवतीचा पडदा कडेला गोळा होत होत वरच्या काचेला जाऊन टेकला, आणि फट उरलीच नाही. वरून मिटली होती, खालून मिटली होती, दोन्ही बाजूंनी मिटली होती. रोज संध्याकाळी साडेसात ते आठ हे इथे असंच चाललेलं होतं, आणि वर तिच्या अक्षरातला रिपोर्ट टीव्हीच्या फळीवर उभा होता.

एवढ्यात दार उघडलं. कॉरिडॉरचा उजेड आत आला, आणि पाठोपाठ व्यवस्थापक. त्यांना दिसलं ते असं: दिवा बंद, खाटेवर एक म्हातारे गृहस्थ अंगठा छताकडे रोखून पडलेले, आणि शेजारी चादरीचा एक ढीग, त्यातून एक हात बाहेर आलेला. शीतगृहात त्यांनी बरंच काही बघितलं होतं, पण हे त्यात नव्हतं.

"दिवा," ते म्हणाले.

चादरीखाली सून पडद्याकडे बघत होती. कॉरिडॉरच्या उजेडाने बाहुली बारीक झाली होती आणि मिटलेल्या जागी एक केसाएवढी फट पुन्हा दिसायला लागली होती.

"सर, आत या आणि दार लावा," ती म्हणाली.

"बाई, नियम..."

"दार लावा. इकडे या. स्टूल डाव्या हाताला आहे, सांभाळा."

तिचा आवाज असा होता की व्यवस्थापकांनी दार लावलं. चाचपडत आले. तिने चादरीचं टोक उचललं आणि त्यांना आत घेतलं. दोघं पडद्यासमोर डोक्याला डोकं लावून उभी राहिली. मिनिटभरात फट बुजली.

"काय झालं?" व्यवस्थापकांनी हळू आवाजात विचारलं.

"डोळ्यातलं पाणी बाहेर जायची वाट बंद झाली. आता दार उघडा."

व्यवस्थापकांनी दार उघडलं. चादरीतून सुनेने सांगितलं, "उघडली. या, बघा." ते आले आणि बघून गेले. पुन्हा दार लावलं, पुन्हा उघडलं. चौथ्यांदा त्यांनी कुणी न सांगताच लावलं. हा माणूस आयुष्यभर दारं आणि दिवे यांच्यात वावरला होता, पण त्यांचा कशाशी संबंध असतो हे तो पहिल्यांदाच बघत होता.

"आणि फॉर्मवर..." ते म्हणाले.

"वरीलप्रमाणे," सून म्हणाली.

"अंगठा खाली करू का?" सासऱ्यांनी विचारलं.

डॉक्टरीणबाईंनी नवे फोटो बघितले, मग फाइल उघडून जुना रिपोर्ट काढला. बोट खालच्या चौकटीवर ठेवलं.

"हे बघून लिहिलं होतं?"

"न बघता," सून म्हणाली. "चार वर्षं सगळ्यांचं तसंच लिहिलंय."

डॉक्टरीणबाई तिच्यावर ओरडतील म्हणून ती उभी होती. पण त्यांचं बोट चौकटीवरून खाली सरकलं आणि आपल्याच सहीवर जाऊन थांबलं.

"मीही वाचलं नाही," त्या म्हणाल्या. "आधी यांना लेझरवर घेऊ. आजच. मग रजिस्टर काढा."

लेझरने बाहुलीभोवतीच्या पडद्याला एक बारीक भोक पाडलं. आता पडद्याच्या मागे पाणी अडून तो फुगायचं आणि कोन मिटायचं कारण उरलं नाही. काम पाच मिनिटांचं होतं. डाव्या डोळ्याचं पुढच्या आठवड्यात. दुपारी रजिस्टर उघडून तिघं बसली, आणि ज्यांचे कोन अरुंद होते त्यांच्या नावांवर खुणा करायला लागली. व्यवस्थापकांना एकच शंका होती.

"एवढ्या लोकांना परत बोलवायचं, तर कारण काय सांगायचं?"

"बघितलं नव्हतं म्हणून सांगायचं," सून म्हणाली. "पहिले फोन मी करते."

व्यवस्थापकांनी जुडग्यातून एक छोटी किल्ली काढली आणि रजिस्टरवर ठेवली.

संध्याकाळी सव्वासातला सगळे बैठकीत होते. सासूबाईंच्या हातात रिमोट होता. सासरे सोफ्याच्या आपल्या कोपऱ्यात बसले होते. सुनेने टीव्हीच्या फळीवरून रिपोर्ट उचलला आणि उभ्यानेच बोलून टाकलं, कारण बसली असती तर बोलता आलं नसतं.

"बाबा, हा रिपोर्ट खोटा आहे. अंधारात मी बघितलंच नव्हतं. न बघता लिहिलं. तुमचा डोळा अंधारात बंद होतो आणि म्हणून दुखतो. सिरीयलमुळे नाही, आई. दिवा मालवता त्याच्यामुळे."

सासूबाईंनी रिमोट मांडीवर ठेवला.

"म्हणजे दुखत होतं ते..." सासरे म्हणाले.

"खरंच दुखत होतं."

सासऱ्यांनी रागवावं असं तिला मनापासून वाटत होतं. या घरात आल्यापासून ते तिच्यावर कधी रागावले नव्हते, आणि एकदा रागावण्याइतकं काम तिने करून ठेवलं होतं.

"बरं झालं सांगितलंस," ते म्हणाले. "महिनाभर मला वाटत होतं, म्हातारपणी मी खोटं बोलायला लागलो. दुखतंय असं वाटायचं, आणि मग मीच मला म्हणायचो, अरे, रिपोर्ट आहे ना. मग दुखतंय कसं म्हणतोस?"

त्यांनी रुमाल काढून डोळे पुसले. लेझर केलेल्या डोळ्याला एक दिवस पाणी येतं, हे डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं. पण त्यांनी दोन्ही पुसले.

साडेसात वाजले. सासूबाई उठल्या. सवयीने त्यांचा हात दिव्याच्या बटणाकडे गेला, आणि तिथेच राहिला. त्या परत येऊन बसल्या, नेहमीच्या खुर्चीत नाही, सोफ्यावर. ट्यूबलाइटचा पट्टा बरोबर नायिकेच्या कपाळावर आला.

"आता भोक पाडलंय," सासरे म्हणाले. "मालवलास तरी चालेल म्हणतात."

"राहू द्या. तिच्या कपाळात काय बघायचंय एवढं."

तो भाग सासूबाईंनी टीव्हीकडे कमी आणि सासऱ्यांच्या डोळ्याकडे जास्त बघितला. पहिल्या जाहिरातीला त्यांनी विचारलं, "दुखतंय?"

"नाही."

दुसऱ्या जाहिरातीलाही विचारलं, आणि त्यांनी नाहीच सांगितलं. भाग संपत आला तेव्हा त्या पुन्हा वळल्या.

"खरं सांगा."

"थोडं चुरचुरतंय," सासरे म्हणाले.

सासूबाईंनी टीव्ही बंद केला आणि थेंबांची बाटली आणायला उठल्या. रिपोर्ट असायचा त्या फळीकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही.